खाडीपलीकडचे एस्सेल वर्ल्ड

नव्वदच्या दशकात दूरदर्शन पाहत वाढलेल्या मुलांना मुंबईतील काही स्थळांची नावे मुंबई न पाहताच पाठ झाली होती. राणीची बाग, तारापोरवाला मत्स्यालय आणि एस्सेल वर्ल्ड. यातील शेवटचे नाव पोहोचवले ते एका जाहिरातीने. इथेच राहायचे, घरी जायचे नाही, असा हट्ट धरणाऱ्या त्या गाण्याने कित्येक घरांतील सुट्ट्यांचे बेत ठरवले. ते गाणे अजून लोकांच्या ओठांवर आहे, उद्यान मात्र २०२२ पासून बंद आहे.

हे उद्यान उभे राहिले ती जागा गोमंतकीयांना अगदीच परकी वाटू नये. उत्तर मुंबईच्या पश्चिमेला खाडीने मुख्य भूमीपासून वेगळा केलेला जमिनीचा एक लांबट पट्टा आहे. गोराई, मनोरी, उत्तन ही गावे त्यावर वसली आहेत. जुन्या कागदपत्रांत त्याला धारावी बेट म्हणतात. मुंबईच्या मध्यभागातील धारावीशी त्याचा संबंध नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत वसई पडेपर्यंत हा सारा प्रदेश पोर्तुगीजांकडे होता. जुनी चर्चे, गावोगावचे क्रूस आणि घरात मराठीची बोली बोलणारा ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज ही त्या काळाची खूण. मासेमारी आणि शेती यांवर जगणाऱ्या या बेटाच्या कडेला १९८९ मध्ये एस्सेल वर्ल्ड सुरू झाले.

त्याचे संस्थापक सुभाष चंद्र. झी टीव्ही ही त्यांची वाहिनी आली १९९२ मध्ये. म्हणजे करमणुकीच्या व्यवसायातील त्यांचा हा डाव दूरचित्रवाणीच्या आधीचा. दिल्लीत अप्पूघर १९८४ मध्ये सुरू झाले होते, तरी कायमस्वरूपी करमणूक उद्यान ही कल्पना देशात तशी नवीच होती. आपल्याकडे फिरता पाळणा यायचा तो जत्रेबरोबर किंवा फेस्ताच्या फेरीबरोबर, आणि चार दिवसांनी उठून पुढच्या गावी जायचा. पाळण्याचे पैसे पाळण्यापाशी द्यायचे. कुंपण घातलेल्या जागेत सकाळी शिरायचे आणि दिवस मावळताना बाहेर पडायचे, ही रीत लोकांना शिकवावी लागली.

ती शिकवण्यात होडीचा वाटा मोठा होता. रस्त्याने जायचे तर भाईंदर-उत्तनचा वळसा. म्हणून बहुतेकजण मालाडच्या मार्वे धक्क्यावरून किंवा बोरिवलीच्या बाजूने गोराई खाडी ओलांडून जात. पाण्यावरचा प्रवास काही मिनिटांचाच. पण लोकलच्या गर्दीतून आलेले कुटुंब होडीत बसले, की शहर मागे पडल्याची जाणीव होई. कोणत्याही पाळण्याआधी मुलांना मिळणारी ही पहिली सफर होती. कदाचित सर्वांत चांगलीही.

आत ‘हूला लूप’, ‘झिपर डिपर’, ‘शॉट अँड ड्रॉप’, ‘मॉन्स्टर्स इन द मिस्ट’ अशी नावे होती. बर्फावर घसरण्याची सोय होती. दमट किनाऱ्यावरच्या मुलांना ते पायाखालचे बर्फ अप्रूपाचे वाटे. रोलर कोस्टरचे तत्त्व मात्र साधे आहे. गाडीला इंजिन नसते. साखळी तिला सर्वांत उंच टोकापर्यंत ओढून नेते आणि पुढचे काम गुरुत्वाकर्षण करते. उंची गमावत गाडी वेग मिळवते, पुढच्या चढावर तोच वेग पुन्हा उंचीत बदलतो. घर्षणात थोडी ऊर्जा जात असल्याने पुढची कोणतीही चढण पहिलीइतकी उंच ठेवता येत नाही. उलट्या वळणात गाडीचा वेग पुरेसा असेल तर माणूस खाली पडण्याऐवजी आसनावर दाबला जातो. भीती वाटते ती शरीराला. गणिताने सारे आधीच ठरवलेले असते. खारा वारा मात्र गणितात मावत नाही. समुद्रकाठचे लोखंड सतत तपासावे, रंगवावे, बदलावे लागते.

१९९८ मध्ये शेजारी ‘वॉटर किंगडम’ हे जलउद्यान आले. व्यवसायाच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचा ठरला. यांत्रिक पाळणा दोन-तीनदा अनुभवला, की त्याची धास्ती संपते. प्रेक्षकाला पुन्हा आणायचे तर नवे, महागडे यंत्र हवे. पाणी असे जुने होत नाही. मे महिन्यात कृत्रिम लाटांच्या तलावात उभे राहायला तेच कुटुंब दरवर्षी येते.

याच परिसरात जागतिक विपश्यना पॅगोडा आहे. त्यासाठी जमीन सुभाष चंद्र यांनी दिली. २००९ मध्ये राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनी त्याचे उद्घाटन केले. मधे एकही खांब नसलेल्या त्याच्या घुमटाखाली सुमारे ८००० साधक बसू शकतात. एकाच होडीतून किंचाळायला निघालेली मुले आणि मौन पाळायला निघालेली माणसे उतरत, असे दृश्य अन्यत्र क्वचितच दिसले असेल.

बेटाशी उद्यानाचे नाते सरळ राहिले नाही. या परिसरात पर्यटनासाठी विशेष आर्थिक क्षेत्र उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला आणि तो बारगळला. गोव्यातील सेझविरोधी आंदोलनाचा काळही साधारण तोच. जमीन हाच या व्यवसायाचा खरा पेच आहे. शहराबाहेरची स्वस्त जागा घेऊन उद्यान उभारावे, आणि तीस वर्षांत शहर तिथवर पोहोचावे, की पाळण्यांपेक्षा त्यांच्याखालची माती मौल्यवान ठरते. अप्पूघर २००८ मध्ये बंद झाले ते तिथली जागा सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारासाठी हवी होती म्हणून.

गोराईत असा एकच ठळक घाव नव्हता. २०१३ मध्ये खोपोलीजवळ ‘इमॅजिका’ सुरू झाले, तेही मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत. घरच्या मोटारीने थेट दारात जाता येते म्हटल्यावर धक्का, होडी, पुन्हा धक्का ही यातायात गैरसोय वाटू लागली. जुन्या पाळण्यांत नव्या पिढीला थरार उरला नव्हता. अखेरच्या काही वर्षांत पक्ष्यांचे उद्यान जोडून पाहिले. मग २०२० ची टाळेबंदी आली. त्यानंतर दोन वर्षांत एस्सेल वर्ल्डचे दरवाजे बंद झाले, ‘वॉटर किंगडम’ मात्र चालू राहिले.

खाडीतली होडीही थांबलेली नाही. पॅगोड्याकडे जाणारे भाविक, पोहण्याचे कपडे पिशवीत घेतलेली मुले आणि बाजारहाट उरकून परतणारे गोराईचे ग्रामस्थ तिच्यात दाटीवाटीने बसतात.