माशाचे तोंड आणि माशाचे अन्न

माशांच्या आहाराचा विषय निघाला की सर्वसामान्य माणसास एकतर दुकानातील रंगीत दाण्यांची डबी आठवते, नाहीतर मोठा मासा लहान माशास गिळतो हा जुना न्याय; परंतु भंडारा-गोंदियाकडील एखाद्या मालगुजारी तलावाच्या काठी ढिवरांच्या जाळ्यात आलेले कटला, रोहू आणि मृगळ हे तिघे शेजारी शेजारी ठेवून त्यांची केवळ तोंडे न्याहाळली, तरी एकाच पाण्यात राहून आपापली हद्द सांभाळणारे हे तीन हिस्सेदार आहेत, हे तत्काळ ध्यानात येते. कटल्याचा जबडा वर वळलेला असतो, कारण त्याची उपजीविका पृष्ठभागानजीक तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर चालते. रोहू आपल्या झालरदार ओठांनी मधल्या थरातील शेवाळ आणि वनस्पतींचे अंश खुडतो. आणि मृगळ, ज्याचे तोंड किंचित खालच्या अंगास असते, तो तळाच्या गाळातील कुजका पाचोळा उपसतो. मत्स्यपालक या तिघांस एकत्र सोडून वर भाताचा कोंडा नि भुईमुगाची पेंड घालतो, ती याच वाटणीच्या भरवशावर.

या कुळातील माशांच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. आणि जठर तर मुळीच नसते. अन्न साठवण्याची कोठीच नसल्याने हे मासे दिवसभर थोडेथोडे टिपत राहतात. घरोघरी काचेच्या पेटीत फिरणारा गोल्डफिश याच कुळातला असल्यामुळे, काचेजवळ माणूस दिसताच तो तोंड उघडमिट करू लागतो, आणि घरातील मुले त्यास उपाशी समजून आणखी एक चिमूट टाकतात. मरळीसारखा शिकारी मासा मात्र बेडूक वा लहान मासा गिळून स्वस्थ बसतो.

पेटीतील मासे उपासमारीपेक्षा आपल्या दानशूरपणानेच अधिक मरत असावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. न खाल्लेले दाणे तळाशी कुजतात, त्यातून अमोनिया सुटतो आणि माशांचे कल्ले होरपळतात. दोन-तीन मिनिटांत फस्त होईल इतकेच अन्न दिवसातून एकदोनदा पुरे. त्यातही जात पाहावी: फायटर हा मूळचा कीटकभक्षी, डासांच्या अळ्यांवर वाढणारा, हिवताप खात्याने हौदांत सोडलेल्या गप्पीसही त्याच अळ्या प्रिय, पण तो शेवाळही खातो, आणि काचेस चिकटणाऱ्या सकरला 'घाण खाणारा' म्हणून कोणी काही देत नाही, तेव्हा त्या बिचाऱ्यास काकडीची एखादी वाफवलेली चकती घालावी.

गावी जाताना डबी शेजाऱ्यांच्या स्वाधीन करण्याचा प्रघात फार घातक. धडधाकट, वाढ पूर्ण झालेले मासे तीन-चार दिवस बिनबोभाट उपवास काढतात, आणि मुक्काम त्याहून लांबणारच असेल, तर एकेका दिवसाच्या निरनिराळ्या पुड्या बांधून द्याव्यात व डबी कपाटात कुलूपबंद ठेवावी.