बिळात राहणाऱ्या केसाळ कोळ्यांची ओळख

बांधावर किंवा दरडीच्या कडेवर अंगठा जाईल एवढे बीळ दिसले की ते उंदराचे अथवा सापाचे समजून त्यात औषध ओतावे, किंवा खेकड्याच्या आशेने हात घालावा, असा पुष्कळांचा प्रघात आहे. दोन्ही गोष्टी घाईच्या होत. सह्याद्रीच्या परिसरात यांतील काही बिळे चिलोब्रॅकिस या वंशातील मोठ्या केसाळ कोळ्यांची असतात. पोकॉक या शास्त्रज्ञाने १८९९ साली वर्णिलेली फिम्ब्रिएटस ही जाती याच वंशातील होय.

उंदराच्या बिळापुढे उकरलेल्या मातीचा ढीग असतो, खेकड्याच्या बिळाशी चिखलाच्या गोळ्या असतात. कोळ्याच्या बिळाला आतून रेशमी धाग्यांचे अस्तर असते आणि ते तोंडाबाहेरही पसरते. हे जाळे अखंड असेल तर तेथून नुकताच साप गेलेला नसण्याची शक्यता अधिक. मात्र केवळ जाळ्यावर विसंबू नये. शेतात विपुल आढळणारे हिप्पासा वंशातील लांडगे-कोळीही चादरीसारखे जाळे विणतात व मागील नळीत दडतात. झडपेचे कोळी तर बिळाला बिजागरीचे झाकणच बसवितात.

खरी ओळख प्राण्यावरून पटते. लांडग्या-कोळ्याचे विषदंत चिमट्याप्रमाणे आडवे मिटतात. रात्री विजेरीच्या उजेडात त्याचे डोळे चमकतात. केसाळ कोळ्याचे विषदंत दोन समांतर चाकूंप्रमाणे वरून खाली येतात, आठही डोळे लहानशा उंचवट्यावर दाटीने असतात आणि पोटाखाली श्वसनाच्या पुस्तक-फुप्फुसांच्या दोन जोड्या दिसतात. वंशाचा नक्की निर्णय जबड्यांजवळील केसांवरून सूक्ष्मदर्शकाखालीच होतो. ते काम तज्ज्ञांचे.

चिडविल्यास हा कोळी पुढचे पाय उचलतो व जबड्यांजवळील राठ केस घासून आवाज करतो. वुड-मेसन यांनी १८७७ साली आसामातील जातीस स्ट्रिड्युलन्स हे नाव या आवाजावरूनच दिले. त्याचा दंश वेदनादायक असतो. जखम साबणाने धुवावी, कापू वा चोखू नये, आणि वैद्यकीय मदत घ्यावी. बिळात हात घातल्यावर काय चावले ते दिसले नसेल, तर सर्पदंश समजून विनाविलंब रुग्णालय गाठावे.

हा कोळी पीक खात नाही. रातकिडे, झुरळे यांवर जगतो. त्याला पिकाचा राखणदार म्हणणे थोडे अतिशयोक्तीचे होईल, पण त्याच्या बिळात औषध ओतणे म्हणजे पैसा व औषध दोन्ही मातीत घालणे होय. मादी अनेक वर्षे जगते. नर मात्र प्रौढ झाल्यावर बीळ सोडून मादीच्या शोधात भटकतो व क्वचित घरातही शिरतो. अशा वेळी त्यावर डबा पालथा घालावा, खालून जाड पुठ्ठा सरकवावा व त्याला बांधावर नेऊन सोडावे.