टायरची किनार वाचा, मग पैसे मोजा

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील आपले व्यापारी बांधव मालाची पारख उत्तम करतात. पण ज्या चार टायरांवर तो माल आणि स्वतःचा जीव घेऊन ते बाजाराला निघतात, त्या टायरांची खरेदी मात्र दुकानदार दाखवील तशी होते. आम्ही कापडवाले थान घेताना आधी किनारीवरची छपाई वाचतो. टायरलाही तशीच किनार असते. तिच्यावर सर्व काही लिहिलेले असते, फक्त वाचणारा पाहिजे.

समजा, टायरवर १८५/६५ आर १५ ८८ एच असे लिहिले आहे. १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल आणि १५ हा रिमचा इंचातील व्यास. ८८ हा वजनाचा आकडा आहे : योग्य हवा असताना असा एक टायर ५६० किलो पेलतो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. वजनाचा आकडा ८४ असेल तर टायर ५०० किलोच पेलतो. म्हणजे चार टायरांत २४० किलोंचा फरक पडला. लग्नसराईत गाठोडी आणि माणसे भरून निघणाऱ्याने हा फरक विसरू नये. कंपनीने सांगितलेल्यापेक्षा कमी आकड्याचा टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

किनारीवर चार अंकांची तारीखही असते. १२२५ म्हणजे २०२५ सालचा बारावा आठवडा. रबर पडून राहिले तरी म्हातारे होते. म्हणून नवा टायर घेताना तारीख पाहावी, आयएसआयची खूण पाहावी आणि पक्के बिल घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या नव्या टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. तो फायदा बिलात दिसला पाहिजे.

रुंद टायरचा शौक

हल्ली तरुण मंडळी मूळ टायर काढून रुंद आणि बुटक्या भिंतीचे ‘परफॉर्मन्स’ टायर बसवतात. हा माल वाईट नाही. त्याचे रबर मऊ असते, रस्ता घट्ट धरते, वळणावर गाडी डगमगत नाही. पण तो वेगासाठी आणि गुळगुळीत सडकेसाठी बनलेला आहे. मऊ रबर झिजतेही लवकर. आष्टी–आलापल्ली मार्गावर लोहखनिजाचे ट्रक धावतात, कोरपना–गडचांदूर भागात सिमेंटचे. अशा जड वाहतुकीच्या रस्त्यावर खड्डा आला की बुटकी भिंत रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चेपते, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. जंगलातल्या रस्त्यावर, जिथे मैलोगणती दुकान नाही, तिथे उंच भिंत हीच गाडीची गादी. म्हणून कंपनीचेच माप ठेवणे शहाणपणाचे.

उन्हाळा आणि हवा

आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे की उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो. खरी गोष्ट उलट आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्याने तापते, आणि तापूनच फुटते. चंद्रपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, वर गाडीत ओझे. अशा वेळी कमी हवा म्हणजे संकटाला आमंत्रण. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी हवेचे आकडे दिलेले असतात. त्याप्रमाणे सकाळी, गाडी निघण्यापूर्वी, थंड टायरमध्ये हवा भरावी. धावून तापलेल्या टायरमधली हवा काढू नये. नायट्रोजनसाठी पैसे दिलेच पाहिजेत असे नाही; साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पंधरा दिवसांतून एकदा स्टेपनीही तपासावी.

दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायरांची अदलाबदल करावी, म्हणजे चारही सारखे झिजतात. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट करून घ्यावे. दोनच नवे टायर घेतले तर ते मागे बसवावेत. ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरली तर गाडी सावरणे कठीण जाते. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानेही बाद. आपल्याकडच्या पावसाचा जोर पाहता ३ मिलिमीटरलाच बदलावा.

कारागीर बांधवांसाठी

पंक्चर आणि टायरच्या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. त्यांना आमची विनंती आहे. पंक्चर भिंतीत असेल तर चार पैशांसाठी बत्ती घालून देऊ नका, साफ नाही म्हणा. झिजलेल्या टायरवर नवी नक्षी कोरून तो चांगला म्हणून विकू नका. कोरल्यावर खाली रबर उरतच नाही. मालातला ऐब गिऱ्हाइकाला दाखवून विकणे हीच आपल्या दीनची शिकवण आहे. कापडात दोष निघाला तर गिऱ्हाईक परत येऊन भांडते. टायरमध्ये निघाला तर कदाचित तो परत येणारच नाही. त्याचा जीव ही आपल्या हातातली अमानत आहे.