बिटकॉइनचे खाजगी घाऊक सौदे आणि बाजारभाव: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बिटकॉइन किंवा इथरचा जो भाव मोबाइलवर दिसतो, तो एखाद्या एक्स्चेंजवर नुकत्याच झालेल्या सौद्याचा भाव असतो. त्यामागे ऑर्डर बुक असते: कोणत्या भावाला किती नाणी घ्यायला लोक तयार आहेत आणि कोणत्या भावाला किती विकायला, याची क्षणोक्षणी बदलणारी यादी. चांगल्या भावाची मागणी एरवी थोडीच असते. ‘मिळेल त्या भावाने विका’ अशी मोठी ऑर्डर आली, की ती मागणी लगेच संपते, उरलेला माल त्याखालच्या भावाला जातो, मग आणखी खालच्या. २१ जून २०१७ रोजी कॉइनबेसच्या जीडॅक्स या एक्स्चेंजवर हेच घडले. काही दशलक्ष डॉलरचे इथर विकण्याची ऑर्डर आली आणि ती पुरी होईपर्यंत भाव ३१७.८१ डॉलरवरून २२४.४८ डॉलरवर आला. या घसरणीमुळे सुमारे ८०० स्टॉप लॉस ऑर्डरी (भाव ठरावीक पातळीखाली गेला की विकण्याच्या) आणि उसन्या पैशांवरच्या पोझिशनी आपोआप विक्रीला निघाल्या, आणि त्या लोंढ्यात भाव क्षणभर १० सेंटपर्यंत उतरला. इतर एक्स्चेंजवर त्या वेळी अशी पडझड झाली नव्हती.

अशी घसरण टाळण्यासाठी मोठे गिऱ्हाईक ओटीसी डेस्ककडे, म्हणजे एक्स्चेंजबाहेर घाऊक सौदे करणाऱ्या व्यापाऱ्याकडे जाते. शिकागोची कंबरलँड, लंडनची बी२सी२, न्यूयॉर्कची गॅलॅक्सी डिजिटल ही या धंद्यातली ठळक नावे. गिऱ्हाईक नाण्यांची संख्या सांगते आणि डेस्क घेण्याचा व विकण्याचा असे दोन्ही भाव देतो. आपल्याला घ्यायचे आहे की विकायचे, हे गिऱ्हाईकाने तोवर बहुधा सांगितलेले नसते. होकार आला की संपूर्ण सौदा एकाच भावाला पक्का होतो.

असा सौदा ऑर्डर बुकमध्ये येतच नाही, म्हणून बाजारभावावर त्याचा काहीच परिणाम होत नाही, हा सर्वांत रुजलेला गैरसमज आहे. डेस्कने १,००० नाणी विकत घेतली, तर भाव पडण्याची जोखीम आता डेस्कच्या डोक्यावर आलेली असते. त्याच दिवशी तेवढीच नाणी हवी असलेले दुसरे गिऱ्हाईक मिळाले, तर माल परस्पर जातो आणि खुल्या बाजारावर सरळ दाब येत नाही. न मिळाल्यास डेस्क ती नाणी निरनिराळ्या एक्स्चेंजवर थोडी थोडी विकतो, किंवा आधी शिकागोच्या सीएमई बाजारात बिटकॉइनचे वायदे विकून भाव बांधून घेतो. वायद्याचा भाव उतरला, की वायदा आणि हजर भावातल्या फरकावर कमावणारे व्यापारी तो दाब हजर बाजारात पोहोचवतात. दाब पसरतो आणि उशिरा येतो, पण नाहीसा होत नाही. मालाला जोडीदार किती मिळाला आणि किती उरला, यावरच सगळे ठरते.

जुलै २०२५ मध्ये गॅलॅक्सी डिजिटलने एका जुन्या गुंतवणूकदाराची ८०,००० हून अधिक बिटकॉइन विकून दिली. किंमत ९ अब्ज डॉलरच्या वर होती. २५ जुलैला ही बातमी आली त्या सुमारास भाव १,१८,००० डॉलरच्या आसपासवरून १,१५,००० च्या जवळ उतरला आणि काही दिवसांतच सावरला. एवढा माल एका ऑर्डरने एक्स्चेंजवर ओतला असता, तर घसरण दोन-तीन टक्क्यांवर थांबली नसती. खाजगी सौद्याचा खरा उपयोग एवढाच, पण तो लहान नाही.

याची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. खुल्या बाजारातली मोठी खरेदी भाव उडवतेच, असेही नाही. मायक्रोस्ट्रॅटेजी या अमेरिकी कंपनीने सप्टेंबर २०२० मध्ये १६,७९६ बिटकॉइन घेतली. कंपनीचे प्रमुख मायकेल सेलर यांनी नंतर सांगितले, की त्यासाठी सलग ७४ तास ८८,६१७ सौदे केले गेले. दर तीन सेकंदांना साधारण ०.१९ बिटकॉइन. इतक्या बारीक तुकड्यांमागे एकच मोठा खरेदीदार आहे, हे इतरांच्या लक्षात येणे अवघड होते.

लक्षात येणे हाच कळीचा मुद्दा आहे. कंपनीने मोठी खरेदी केली आणि भाव चढला, की चढ खरेदीच्या पैशामुळे आला असे धरले जाते. टेस्लाने १.५ अब्ज डॉलरची बिटकॉइन खरेदी ८ फेब्रुवारी २०२१ रोजी जाहीर केली आणि त्या दिवशी भाव ४४,००० डॉलरच्या वर, तेव्हाच्या विक्रमी पातळीला गेला. प्रत्यक्ष खरेदी मात्र त्याआधीच झालेली होती. त्या दिवशी भाव चढवला तो बातमी वाचून धावलेल्या इतर खरेदीदारांनी.

ओटीसीमध्ये भलताच गुप्त भाव चालतो, ही समजूतही बरोबर नाही. डेस्कचा भाव एक्स्चेंजवरच्या भावाला धरूनच असतो. त्यात डेस्कचे मार्जिन आणि जोखमीचा मोबदला मिळवलेला असतो. अनेक सौदे ठरावीक निर्देशक दराने होतात. सीएमई सीएफ बिटकॉइन रेफरन्स रेट काढताना लंडनमधल्या दुपारी ३ ते ४ या तासाचे पाच-पाच मिनिटांचे १२ भाग पाडतात, निवडक एक्स्चेंजवरच्या सौद्यांवरून प्रत्येक भागाचा भारित मध्यक घेतात आणि त्या १२ आकड्यांची सरासरी काढतात. खाजगी सौदे या हिशेबात नसतात. तरीही, त्या दराने नाणी देण्याचे कबूल केलेला डेस्क नुकसान टाळण्यासाठी बरीचशी खरेदी त्याच तासात एक्स्चेंजवर करतो. म्हणजे खाजगी करारही सार्वजनिक भावाला अशा वाटेने स्पर्श करतो.

ब्लॉकचेनवरच्या, म्हणजे नाण्यांच्या सार्वजनिक नोंदवहीतल्या हालचालींचे अर्थ सर्वांत घाईने लावले जातात. एखाद्या जुन्या पत्त्यावरून हजारो नाणी हलली, की ‘व्हेल (म्हणजे बडा नाणेधारक) विकतोय’ अशी आवई उठते. ब्लॉकचेनवर किती नाणी कोणत्या पत्त्यावरून कोठे गेली, एवढेच दिसते. ती विकली, तारण ठेवली, की त्याच मालकाने सुरक्षिततेसाठी दुसऱ्या वॉलेटमध्ये ठेवली, हे त्यात नसते, आणि भाव तर नसतोच.

पत्ते ओळखीचे असले, तर ही आवईच भावावर स्वार होते. जर्मनीतील सॅक्सनी राज्याने मूव्ही२के या चित्रपटचोरीच्या संकेतस्थळाच्या प्रकरणात हाती आलेली ४९,८५८ बिटकॉइन १९ जून ते १२ जुलै २०२४ दरम्यान विकली. फ्रँकफुर्टच्या बँकहाउस शाइख या संस्थेमार्फत ही विक्री झाली आणि सुमारे २.६४ अब्ज युरो मिळाले, म्हणजे नाण्यामागे सरासरी ५३,००० युरोच्या आसपास. वॉलेट सर्वांना ठाऊक असल्याने नाणी एक्स्चेंजकडे आणि कंबरलँडसारख्या डेस्ककडे जाताना जगभर पाहिली जात होती. ५ जुलैला भाव ५४,००० डॉलरच्या खाली गेला. त्याच दिवशी माउंट गॉक्स या दिवाळखोर एक्स्चेंजच्या धनकोंना नाणी परत मिळू लागली होती, त्यामुळे घसरणीचे सगळे माप जर्मनीच्या पदरात घालणे चुकीचे ठरेल. पण विक्री लपलेली नव्हती, आणि पुढचा माल येण्याआधीच विकून मोकळे होण्याची घाई इतरांना झाली, हे उघड आहे.

मोठे सौदे जाहीर होण्याच्या बाबतीत शेअर बाजार वेगळा आहे. मुंबईच्या शेअर बाजारात ब्लॉक डील, म्हणजे मोठा ठोक सौदा, एक्स्चेंजच्याच वेगळ्या खिडकीत होते. कोणी, किती शेअर, कोणत्या भावाने घेतले-विकले, हे त्याच दिवशी जाहीर होते. क्रिप्टोचे ओटीसी सौदे असे जाहीर करण्याचा जगभर लागू असलेला कोणताही नियम नाही. संकेतस्थळांवर दिसणाऱ्या उलाढालीच्या आकड्यांत हे सौदे सहसा मोजलेले नसतात. उलाढाल कमी दिसते म्हणून मोठे गिऱ्हाईक बाजारात नाही, असा निष्कर्ष त्या आकड्यांवरून काढता येत नाही.