आपली शाळा कशी पारखावी?

माळेगावच्या जत्रेत तुम्ही बैल घ्यायला जाता. लाल कंधारी असो की देवणी, नुसता रंग पाहून कोणी पैसे मोजत नाही. आधी जबडा उघडून दात पाहता. खूर पाहता, खांदा चाचपता. विकणाऱ्याने शिंगे रंगवलेली असतात, गळ्यात घुंगुरमाळ घातलेली असते. पण घेणारा शहाणा असतो. तो म्हणतो, "माळ राहू द्या पाटील, जरा चालवून दाखवा."

आता सांगा, आपल्या गावच्या शाळेकडे आपण असे कधी पाहिले आहे काय? शाळेला रंग दिला, भिंतीवर फुले-पाखरे काढली, की आपण म्हणतो शाळा झकास आहे. शेजारची लेकरे टाय-बूट घालून गाडीत बसून दुसऱ्या गावी जातात, की आपण म्हणतो तिथले शिक्षण चांगले. ही घुंगुरमाळ झाली. चालवून पाहायचे राहिलेच.

मी मुख्याध्यापक होतो, म्हणून माझीच चूक आधी सांगतो. माझ्या एका शाळेच्या भिंती फार सुंदर होत्या. साहेब आले की शेरेबुकात चांगला शेरा लिहून जात. त्या गावात रात्री साक्षरतेचा वर्ग चाले. त्या वर्गातल्या एक बाई नुकत्याच वाचू लागल्या होत्या. एके दिवशी त्या आपल्या चौथीतल्या मुलाला घेऊन शाळेत आल्या.

"गुरुजी, माज्या लेकराला वाचता येत न्हाई."

मी म्हणालो, "असं कसं? त्याला तर चांगली श्रेणी आहे."

मी पुस्तक पुढे केले. मुलाने धडा घडाघडा म्हटला. मी बाईंकडे पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी हात पुढे करून पान उलटले. मुलगा मात्र मागच्याच पानावरचे म्हणत राहिला.

त्याला धडा पाठ होता. सुटी अक्षरे तेवढी ओळखत होता, पण दोन अक्षरे जोडून शब्द वाचता येत नव्हता. चार वर्षे तो माझ्या शाळेत बसत होता आणि मी रोज त्याची हजेरी मांडत होतो. जे मला चार वर्षांत कळले नाही, ते त्या माउलीला चार महिन्यांच्या अक्षरओळखीने कळले. पुढे आम्ही त्याला रोज अर्धा तास वेगळा घेऊन बसलो. पहिलीची अक्षरे, मग काना-मात्रा, मग शब्द. दिवाळीच्या सुमारास तो एसटीची पाटी वाचू लागला. पण वर्गात तसा तो एकटाच नव्हता. शोधल्यावर आणखी पाच निघाले.

तेव्हा पहिली पारख वाचनाची. ती तुम्ही घरी, चुलीपुढे बसूनही करू शकता. लेकराला त्याचे पुस्तक देऊ नका, कारण ते पाठ असू शकते. त्याने कधी न पाहिलेले काहीतरी द्या. खताच्या पोत्यावरची अक्षरे चालतील, लग्नाची पत्रिका चालेल, तुमच्या हातातले हे पुस्तकही चालेल. लेकरू कुठे अडते ते पाहा. अक्षरावर अडते, शब्दावर अडते, की सरळ ओळ वाचते? वाचून झाल्यावर विचारा, "काय लिवलंय रं यात?" त्याला आपल्या शब्दांत सांगता आले पाहिजे. वाचले आणि कळले नाही, तर ते पोपटाचे वाचन.

'प्रथम' नावाची संस्था २००५ सालापासून देशातल्या खेड्यांत जाऊन अशीच पारख करते. त्या पाहणीला 'असर' म्हणतात. लेकराच्या घरी जायचे आणि अक्षरे, शब्द, चार सोप्या ओळी व दुसरीच्या मुलाला जमावी एवढी लहान गोष्ट असे एकेक पुढे ठेवायचे. २०२४ साली देशभरच्या खेड्यांत पाचवीतल्या शंभर लेकरांपैकी सुमारे ४९ लेकरांनाच ती दुसरीची गोष्ट वाचता आली. बाकीची निम्मी लेकरे पाचवीत बसून दुसरीच्याही मागे होती. या शंभरांत सरकारी शाळांची लेकरे आहेत आणि टाय-बूटवाल्यांचीही आहेत, बरे का!

आणखी एक माप आहे. २०२१ साली सरकारने 'निपुण भारत' नावाचे काम सुरू केले. तिसरीच्या लेकराने मिनिटाला निदान ६० शब्द समजून वाचावेत, असे त्यात ठरवले आहे. मोबाईलमध्ये घड्याळ असते. एक मिनिट लावून शब्द मोजता येतात. पण लेकराच्या डोक्यावर घड्याळ घेऊन उभे राहू नका. ते घाबरेल आणि येत असलेलेही विसरेल.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. किनवट-माहूरकडे लेकराच्या घरी गोंडी किंवा कोलामी बोलतात. तांड्यावर गोरमाटी बोलतात. देगलूरकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कानडी बोलणारी घरे आहेत. असे लेकरू पहिलीत येते तेव्हा पुस्तकातली मराठी त्याला परकी असते. ते गप्प बसते, म्हणून मठ्ठ ठरत नाही. चांगला गुरुजी त्याच्या बोलीतले पाच-पंचवीस शब्द आधी स्वतः शिकून घेतो. मी तांड्यावरच्या शाळेत होतो तेव्हा पोरांनीच मला गोरमाटी शिकवली. माझे उच्चार ऐकून ती पोट धरून हसायची. हसता हसता बोलायला लागली.

दुसरी पारख हिशेबाची. तिसरी-चौथीच्या लेकराला सांगा, "पन्नास रुपये दिले, अठ्ठावीसचं सामान घेतलं, परत किती?" बावीस आले तर हातच्याची वजाबाकी त्याला येते. पाचवीतल्याला विचारा, ८४ पेरू ६ घरांत सारखे वाटले तर प्रत्येकाला किती? तोंडी जमले नाही तर कागदावर करू द्या. पाढे धडाधड येतात आणि पेरू वाटता येत नाहीत, अशी लेकरे मी पुष्कळ पाहिली.

घरची पारख झाली. आता शाळेत चला. १५ ऑगस्टला किंवा २६ जानेवारीला जाऊ नका. त्या दिवशी सगळ्याच शाळा चांगल्या असतात. साध्या मंगळवारी, अकरा-साडेअकराला जा. वेळ अमावस्येच्या आसपास जाऊन "पोरं कुठं हायत?" असेही विचारू नका. त्या दिवशी सारा गाव शेतात भज्जी-आंबील खात असतो, तुम्हीही तिथेच असता! गुरुजींना नमस्कार करा, परवानगी घ्या आणि मागे गुपचूप बसा.

काय पाहाल? आधी वह्या पाहा. चार लेकरांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवा. चारही वह्यांत शब्दाला शब्द तेच असेल, तर ते फळ्यावरून उतरवलेले आहे. कुणी 'माझी शेळी' लिहिले, कुणी 'आमची विहीर' लिहिले, त्यात चुका आहेत आणि गुरुजींच्या लाल शाईने त्या दुरुस्त केल्या आहेत, तर समजा इथे शिकवणे चालू आहे. चुका नसलेल्या वहीपेक्षा चुका दुरुस्त झालेली वही मला केव्हाही बरी वाटते.

मग मागच्या ओळीकडे पाहा. पुढची दोन लेकरे उत्तरे देतात आणि मागची भिंतीला टेकून बसतात, असे पुष्कळदा असते. मागे कोण बसले आहे? मुली आहेत का? एकाच वस्तीची लेकरे आहेत का? गुरुजी त्यांना नाव घेऊन विचारतात का? शाळेची खरी किंमत मागच्या ओळीत कळते.

आता गुरुजींच्या बाजूनेही बोलले पाहिजे. 'बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क' हा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० लेकरांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार असे माप त्यात आहे. म्हणजे लहान गावात दोन गुरुजी आणि पाच वर्ग. एक गुरुजी तालुक्याला बैठकीला गेले की दुसऱ्यापुढे पाचही वर्ग येतात. अशा वेळी गुरुजी किती, यापेक्षा दुसरी गोष्ट पाहा. गुरुजी पहिलीजवळ बसले असताना तिसरी-चौथी काय करते? त्यांना गणिते दिली आहेत, मोठे पोर लहानाचे वाचन घेत आहे, गटात काम चालू आहे, तर तो गुरुजी हुशार. तिसरी-चौथी नुसती "गप बसा" ऐकत असेल, तर दिवसाचे निम्मे तास वाया जातात. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतली मदत यांखेरीज शिक्षणाबाहेरची कामे शिक्षकाला देऊ नयेत, असेही त्याच कायद्यात आहे. तरी गुरुजी कागद आणि मोबाईल भरण्यात गुंतलेले दिसले, तर त्यांच्यावर ओरडू नका. हे काम कोणी दिले ते विचारा.

पट आणि हजेरी यांत फरक असतो. पटावर ४० नावे असतील, तर डोकी मोजा. मुखेड, कंधार, जळकोट या भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. आई-बापाबरोबर लेकरेही कारखान्याच्या फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. शाळेचे निम्मे वर्ष गेलेले असते. अशा लेकरांना गावातच ठेवून घेण्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय सरकारने काढली आहे. दिवाळीआधीच गुरुजी घरोघर फिरून ही नावे लिहून घेतात का, ते विचारा. टोळी गेल्यावर यादी करून काय उपयोग? आजी-आजोबांनाही आधीच सांगावे लागते. उचल घेतलेल्या बापाला त्या वेळी दुसरे काही सुचत नाही.

संडासाचे दार उघडून पाहा. मुलींचा वेगळा आहे का, आत पाणी आहे का, की कुलूप लावून साहेबांसाठी राखून ठेवला आहे? सहावी-सातवीतल्या मुली शाळा सोडतात त्याचे एक कारण या कुलपात असते. खिचडी शिजते तिथे जा आणि घासभर खाऊन पाहा. पहिली ते पाचवीच्या लेकरामागे रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या लेकरामागे १५० ग्रॅम धान्य, असे माप आहे. डाळ पातळ आहे की दिसते तरी, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हे पाहायचा तुम्हाला अधिकार काय, असे कुणी विचारील. निजामाच्या राज्यात रयतेने असे विचारले असते तर चावडीवर बोलावणे आले असते. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपले. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावची शाळा आपण निवडून दिलेल्या माणसांच्या हाती आली. २००९ च्या कायद्याने तर शाळेत 'शाळा व्यवस्थापन समिती' आणली. तिच्यात शंभरात ७५ सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांतला असतो, मुख्याध्यापक सचिव असतो. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते आणि सरकारकडून आलेला पैसा कसा खर्च झाला तेही तीच पाहते.

पुष्कळ गावांत ही समिती कागदावर असते. रजिस्टर घरी येते आणि बाई अंगठा उठवून मोकळी होते. तुम्ही आता सही करता. तेव्हा सहीच्या वरची ओळ आधी वाचा. बैठक झालीच नसेल तर सही करू नका. बैठकीला जाल तेव्हा रंगाची गोष्ट शेवटी काढा. आधी विचारा, "तिसरीत किती लेकरं हायत, अन् त्यातल्या कितींना न पाहिलेलं पान वाचता येतं?" आकडा मागा. पुढच्या बैठकीत तोच प्रश्न पुन्हा विचारा.

गुरुजी चांगले असतील तर या प्रश्नाने रागावणार नाहीत. माझ्यापुढे त्या बाईंनी पान उलटले तेव्हा मला राग आला होता, हे खरे. पण तो संध्याकाळपर्यंतच टिकला.

बोलून उपयोग झाला नाही, तर समितीच्या नावे साधा अर्ज लिहा. काय पाहिले, कोणत्या तारखेला पाहिले, किती लेकरे होती, एवढेच लिहा. कुणाला नावे ठेवू नका. अर्ज मुख्याध्यापकांना द्या. महिनाभरात काही झाले नाही, तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. दोन प्रती करा. एक तिथे द्या. दुसरीवर शिक्का आणि तारीख घालून पोच घ्या, आणि ती घरात रेशनकार्डाजवळ ठेवा.