जुन्या मोटारीची भरपाई : वाद एका आकड्याचा

नांदेड/लातूर : अपघातग्रस्त मोटारीच्या दुरुस्तीचा खर्च विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला, की तिचे पूर्ण नुकसान झाल्याचे मानून दावा निकाली काढला जातो. जुन्या गाडीबाबत वाद इथेच पेटतो. मालक बाजारभाव सांगतो, सर्वेक्षक गाडीचे वय मोजतो. निर्णायक ठरते ते पॉलिसीवर छापलेले घोषित विमा मूल्य, म्हणजेच ‘आयडीव्ही’.

गाडी पाच वर्षांची होईपर्यंत हे मूल्य ठरावीक घसाऱ्याने उतरते. चार ते पाच वर्षांच्या गाडीसाठी घसारा ५० टक्के असतो. त्यानंतर ते कंपनी व ग्राहक यांच्या संमतीने ठरते. हप्ता वाचविण्यासाठी ते कमी लावून घेतल्यास भरपाईही तेवढीच मिळते.

मात्र, हे मूल्य कंपनीवरही बंधनकारक असते. त्यावर हप्ता घेऊन दाव्याच्या वेळी तो आकडा नाकारणे कायद्याला धरून नाही आणि नैतिकही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ओरिएंटल इन्शुरन्सच्या प्रकरणात सुनावले. सर्वेक्षकाचा अहवाल हा अंतिम शब्द नव्हे, असेही न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले.

म्हणूनच अहवालाची प्रत मागावी, वजा केलेली भंगाराची किंमत तपासावी आणि ‘पूर्ण व अंतिम’ पावतीवर घाईने सही करू नये. कंपनीकडे लेखी तक्रार करूनही ३० दिवसांत समाधान न झाल्यास पुण्यातील विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते. दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्यानुसार नांदेड, लातूरच्या ग्राहकांना दोन वर्षांच्या आत स्वतःच्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते.