ब्रेकमधले तेल

मोटारसायकल आता वाडीवस्तीवर पोचली आहे. दूध डेअरीला घालायचं, मुलांना शाळेत सोडायचं, बाजाराला जायचं, सारं तिच्यावरच. ती लिटरला किती पळते याची चौकशी आपण कसून करतो. पण ती थांबते कशाच्या जोरावर, हे क्वचितच कोणी विचारतो.

साध्या ड्रम ब्रेकला तार किंवा सळई ओढते. तिथं द्रव नसतो. डिस्क ब्रेकचं तसं नाही. दांडी दाबली की एक लहान दट्ट्या नळीतल्या द्रवावर दाब देतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा सतराव्या शतकातल्या पास्काल या फ्रेंच शास्त्रज्ञाचा नियम. चाकाजवळचा दट्ट्या मोठा, म्हणून बोटांचा जोर तिथं अनेक पटींनी वाढतो आणि फिरती चकती चिमटीत धरली जाते.

शिक्षकांना हे वर्गात दाखवता येईल. सुया काढलेल्या एक लहान व एक मोठी अशा दोन नव्या सिरिंज घ्या, पाणी भरून नळीने जोडा. लहान दाबली की मोठीचा दट्ट्या सरकतो. आता नळीत मुद्दाम हवेचा बुडबुडा येऊ द्या. जोर लावला तरी आधी हवाच दबते, पलीकडचा दट्ट्या रेंगाळतो.

हाच बुडबुडा ब्रेकच्या नळीत झाला तर? मागं कुटुंब बसलेलं, पुढं घाटाचा उतार आणि ब्रेक सतत दाबलेला. चकती तापते, तिची उष्णता द्रवाला लागते. द्रव उकळला की वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. दांडी हँडलला टेकते, पण गाडी थांबत नाही.

आपण याला ब्रेक ऑइल म्हणतो खरं, पण बहुतेक गाड्यांत ते खनिज तेल नसून ग्लायकॉल जातीचं रसायन असतं. ते हवेतली ओल शोषून घेतं, आणि ओल शिरली की लवकर उकळतं. डब्यावर ‘डॉट’ असं लिहून पुढं आकडा असतो. ही अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं. डॉट ३ ताजं असताना निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० व १५५, तर डॉट ५.१ चे २६० व १८०.

आता तुम्ही म्हणाल, मग मोठा आकडाच घ्यावा. इथंच घोटाळा होतो. डॉट ५ हे सिलिकोनचं असतं. ते ग्लायकॉलच्या द्रवात मिसळू नये. ५ आणि ५.१ ही नावं सारखी, पण जात निराळी. इंजिन ऑइल तर चुकूनही घालू नये. त्यानं आतली रबरं फुगतात आणि ब्रेक निकामी होतो.

तेव्हा नियम सोपा आहे. द्रवाच्या डबीच्या झाकणावर जो आकडा लिहिला असेल, तोच घ्यावा. डॉट ४ लिहिलं असेल तर स्वस्त म्हणून डॉट ३ घालू नये. सीलबंद लहान बाटली घ्यावी. महिनोन्‌महिने उघडी पडलेली वापरू नये. पुस्तिकेत वेगळं सांगितलं नसेल, तर साधारण दोन वर्षांनी जुना द्रव काढून नवा भरून घ्यावा आणि नळीतली हवा जाणत्या मेकॅनिककडून काढून घ्यावी. पातळी उतरली असेल तर नुसती भर घालू नका. पॅड झिजलेत की कुठं गळतंय, ते आधी पाहा. रंगावर द्रव सांडला तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर रंग उडतो.

आणि घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. निम्मं काम इंजिन करील आणि ब्रेकला थंड व्हायला उसंत मिळेल.